उरलेले पंच्याऐंशी टक्के



मार्च २०२० संपत आला होता. देशव्यापी टाळेबंदी लागून आठवडाही झाला नव्हता. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पाने त्या दिवसांत काही आकडे जाहीर केले. पुण्याच्या हवेतली नायट्रोजनची ऑक्साइडे ४३ टक्क्यांनी उतरली होती; मुंबईत ३८ आणि अहमदाबादेत ५० टक्क्यांनी. त्याच वेळी आणखी एक आकडा दिला गेला. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, ते दिल्लीत ३० टक्क्यांनी कमी झाले होते, पण पुण्यात आणि अहमदाबादेत १५ टक्क्यांनीच. पहिल्या आकड्याचे मथळे झाले. पाठोपाठ जालंधरहून धौलाधारची बर्फाच्छादित रांग दिसू लागल्याची छायाचित्रे घरोघरच्या मोबाइलवर फिरली, आणि माणूस घरात बसला की निसर्ग आपोआप बरा होतो, असा निकाल आपण परस्पर लावून टाकला. दुसरा आकडा तसाच पडून राहिला. रस्ते ओस, बहुतेक कारखाने बंद, बांधकामे ठप्प, आणि तरीही बारीक कणांपैकी शंभरातले पंच्याऐंशी हवेत शाबूत. हे पंच्याऐंशी कुठून आले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. माझे म्हणणे असे आहे की टाळेबंदीने पुण्याला जे शिकवले ते घटलेल्या आकड्यात कमी आणि उरलेल्या आकड्यात जास्त आहे. आणि त्यानंतर हवेसाठी आपण जो पैसा खर्च केला, तो बहुतांशी या उरलेल्याला वळसा घालून गेला.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हवेचे अभ्यासक या काळाला ‘प्रयोग’ म्हणतात. शास्त्राच्या सोयीसाठी ते ठीक आहे. पण या प्रयोगाची किंमत कोणी मोजली, हे विसरून त्यावर बोलणे अशोभनीय ठरेल. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन जवळजवळ २४ टक्क्यांनी आक्रसले. आपल्याच राज्यात, ८ मे रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपी गेलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघाले होते. त्या वेळी हवा स्वच्छ होती. म्हणून ‘दरवर्षी पंधरा दिवस टाळेबंदी ठेवावी’ असे जे अर्धवट विनोदाने, अर्धवट गांभीर्याने सुचवले जात होते, त्यावर वेळ घालवण्याची गरज नाही. पैसे तर भरून झाले आहेत. निदान पावती नीट वाचावी, एवढाच आपला अधिकार आहे.

ती वाचायची तर आधी हे दोन प्रदूषक कसे मोजतात ते पाहावे लागते. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजणाऱ्या यंत्रात हवेचा झोत आत घेऊन त्यात ओझोन मिसळतात. नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन यांची गाठ पडली की क्षीण उजेड निघतो. तो किती, यावरून वायू किती ते कळते. हा वायू मुख्यतः इंजिनांत, जास्त तापमानाच्या ज्वलनात तयार होतो आणि भर उन्हात काही तासांतच त्याचे रूपांतर होऊन जाते. म्हणजे नळस्टॉपच्या चौकात दुपारी सापडणारा नायट्रोजन डायऑक्साइड हा बहुतांशी त्याच दिवसाचा आणि त्याच परिसरातला असतो. वाहने थांबली की तो दोन दिवसांत खाली येतो, आणि तसा तो आलाही. बारीक कणांचे यंत्र वेगळे. छपरावरच्या नळीतून हवा ओढली जाते, जाड कण वाटेतच गाळले जातात, आणि उरलेले एका फितीवर ठिपक्यासारखे जमतात. त्या ठिपक्यातून बीटा किरण सोडतात. किरण जितके अडतात तितके वजन जास्त. तासाभराने फीत पुढे सरकते आणि नवा ठिपका सुरू होतो. या करड्या ठिपक्यात डिझेलची काजळी असते, चुलीचा धूर असतो, माती असते, आणि हवेतल्या हवेत वायूंपासून घडलेली सल्फेटे, नायट्रेटे, अमोनियमचे क्षारही असतात. यंत्र फक्त वजन सांगते. कोणता कण कुठला, हे सांगत नाही. शिवाय हे कण पाऊस पडला नाही तर कित्येक दिवस तरंगत राहतात आणि तेवढ्यात शेकडो किलोमीटर प्रवास करतात. आजच्या ठिपक्यात परवाची आणि परजिल्ह्यातली भर असते. एक आकडा शहराचा आणि एक आकडा अख्ख्या प्रदेशाचा, असे हे अंतर आहे. ४३ आणि १५ यांतली तफावत इथून सुरू होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. हवामान बदलले म्हणून हवा सुधारली नसेल कशावरून? पुणे टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत वसले आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार राहते, झाकण बसल्यासारखा धूर खाली कोंडतो. मार्च उजाडला की जमीन तापते, हवा वर उसळते, धुराला पसरायला दोन-तीन किलोमीटर उंचीची मोकळीक मिळते. संध्याकाळी घाट ओलांडून समुद्रावरचा वारा येतो. टाळेबंदी असो वा नसो, फेब्रुवारीपेक्षा एप्रिलमध्ये पुण्याची हवा बरी असतेच. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी नुसती वजाबाकी केली तर ऋतूचे श्रेय टाळेबंदीला जाते. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दिल्लीसह जगातल्या ११ शहरांची आकडेवारी घेऊन त्यातून हवामानाचा परिणाम वेगळा काढला. २०२१ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचे शीर्षकच सांगते की बदल झटकन झाले, पण अपेक्षेपेक्षा लहान होते. हा आक्षेप मान्य केला तर माझ्या मुद्द्याचे काय होते? तो अधिक पक्का होतो. वाहनांचा वायू काही दिवसांत धाडकन उतरला. ऋतू असा एका आठवड्यात उतरत नाही, त्यामुळे त्या घटीचा मोठा भाग टाळेबंदीचाच. पण बारीक कणांच्या १५ टक्क्यांतले काही टक्के उन्हाळ्याचे असतील, तर शहर थांबवून प्रत्यक्षात मिळाले ते पंधराहूनही कमी.

दुसरा आक्षेप काळाचा. ते आकडे सुरुवातीच्या दिवसांचे. पुढे महिनाभरात दूरवरचे कणही विरले असतील, असे कोणी म्हणेल. उत्तर भारतात तसे घडले. एप्रिल २०२० मध्ये नासाच्या टेरा उपग्रहाने गंगेच्या मैदानावर त्या मोसमातली गेल्या वीस वर्षांतली सर्वात विरळ धूळ-धुराची चादर नोंदवली. ही बातमी आपल्याकडेही गाजली. तिचा उत्तरार्ध मात्र कमी छापला गेला: दक्षिण भारतावर तशी घट दिसली नव्हती, उलट आधीच्या काही वर्षांपेक्षा प्रमाण किंचित जास्तच भासत होते, आणि कारणांच्या यादीत हवामान आणि वारे यांच्याबरोबर शेतातल्या आगी होत्या. चीनचा अनुभव याहून बोलका आहे. २०२०च्या जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर चीनमध्ये वाहने आणि बराच उद्योग बंद असताना बीजिंगवर दाट धुरके दाटले. दमट, स्थिर हवा होती हे खरे. पण त्याशिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे कमी झाल्याने ओझोन वाढला आणि त्याने उरलेल्या वायूंपासून नवे कण घडवण्याचा वेग वाढवला, असे संशोधकांना आढळले. धुराडी बंद करावीत आणि धुरके वाढावे, हे ऐकायला विचित्र वाटते. रसायनशास्त्राला त्यात विचित्र काही नाही.

ओझोनचे गणित पुण्यालाही लागू आहे. जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही नळकांड्यातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांवर ऊन पडले की तो तयार होतो. पण दाट रहदारीच्या रस्त्यावर ताजे नायट्रिक ऑक्साइड त्याच ओझोनला खाऊनही टाकते. रहदारी गेली, खाणारा गेला, आणि एप्रिलचे ऊन तर कडक. म्हणून टाळेबंदीत जगातल्या अनेक शहरांत, आणि भारतातल्याही, ओझोन घटण्याऐवजी टिकला किंवा वाढला. याचा अर्थ वाहने ओझोनपासून आपले रक्षण करतात असा काढू नये. दोन्ही घटक एकाच वेळी खाली आणावे लागतात, एवढाच त्याचा अर्थ. एका प्रदूषकाला वेगळे काढून त्याच्यामागे लागणारे धोरण इथे फसते.

आता उरलेल्या पंच्याऐंशीकडे. टाळेबंदीत काय काय थांबले नव्हते? शेती थांबली नव्हती. तिला सवलत होती आणि ती योग्यच होती. साखर कारखाने चालू होते. ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात आणि फडांत अडकून पडले होते. त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय १७ एप्रिलला झाला. पुणे शहराच्या पूर्वेला दौंड, बारामती, इंदापूर आणि पलीकडे सोलापूर, अहिल्यानगर हा उसाचा पट्टा आहे. ऊस तुटून गेला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात उरते. ते सरीत आच्छादून, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकून, पाणी दिले तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो. कृषी खाते हे वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पण खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून दुसरे पीक, धरायचा तर बुडखे छाटायला, पाचट सरीत दाबायला मजूर लागतात, कुट्टी यंत्राचे भाडे लागते, उंदरांची धास्ती असते, आणि काडेपेटी तर अगदी स्वस्त. तासाभरात फड काळा होतो. याच मोसमात सह्याद्रीच्या उतारांवर वणवे लागतात, बरेचसे ‘नवे गवत चांगले येते’ या समजुतीने लावलेले. गावोगावच्या चुली पेटतच होत्या. उज्ज्वला योजनेतल्या कुटुंबांना एप्रिल ते जूनदरम्यान तीन सिलिंडर मोफत मिळाले, त्याने काही भार हलका झाला असेल, पण अंघोळीच्या पाण्याचा बंब आणि परसातली चूल लाकडावरच चालते. देशपातळीवर पीएम २.५ चा सर्वात मोठा एकेरी स्रोत घरगुती जळण आहे, असे हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या अहवालाने दाखवले होते. त्यात कोळशाची वीजकेंद्रे धरा: मागणी घटल्याने ती मंदावली, पण बंद पडली नाहीत, आणि त्यांचा सल्फर डायऑक्साइड वाऱ्याबरोबर जाता जाता सल्फेटचे कण बनतो. या यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेरची आहे. ती कोणा बड्या गुन्हेगाराची कृत्ये नाहीत. बहुतेक ठिकाणी ती गरिबीची, मजुरांच्या टंचाईची आणि सवयीची कामे आहेत, म्हणून ती बातमीत येत नाहीत.

मग वाहने निर्दोष सुटली का? हा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो, कारण असे म्हणण्यात अनेकांचे हित आहे. उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे, आणि त्याचा पुरावाही याच आकड्यांत आहे. ४३ टक्के घट हीच वाहनांची कबुली. कर्वे रस्त्यावर, स्वारगेटला, हडपसरला दिवसभर उभा असणारा वाहतूक पोलीस, फळविक्रेता, रिक्षाचालक शहराची सरासरी हवा घेत नाही. तो त्या चौकाची हवा घेतो. नायट्रोजन डायऑक्साइड आणि लहान मुलांचा दमा यांचा संबंध आता वादाचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या वायूची वार्षिक मर्यादा ४० वरून एकदम १० मायक्रोग्रॅमवर आणली; आपले राष्ट्रीय मानक अजून ४० वर आहे. आणि इथे पुण्याने टाळेबंदीतून नेमका उलटा धडा घेतला. २०१८ सालीच शहरात नोंदलेली वाहने ३६ लाखांवर जाऊन लोकसंख्येला मागे टाकून बसली होती, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी. टाळेबंदीत पीएमपीएमएलची सर्वसामान्यांसाठीची बससेवा बंद झाली ती ३ सप्टेंबर २०२० पर्यंत. कार्यालये त्याआधीच टप्प्याटप्प्याने उघडली होती. बस नाही आणि आणखी काही महिने बसमध्ये बसायची भीती. अशा वेळी माणूस जे करेल ते लोकांनी केले, जुनी स्कूटर दुरुस्त केली किंवा नवी घेतली. मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये आला. त्या दरम्यानची दोन वर्षे सार्वजनिक वाहतुकीने गमावलेले प्रवासी परत आणण्याची होती. म्हणून माझा निष्कर्ष दुहेरी आहे: वाहने कमी केली तर चौकातली हवा लगेच, मोजता येईल इतकी सुधारते, पण शहराच्या बारीक कणांचा प्रश्न त्याने सुटत नाही. ही दोन वेगळी कामे आहेत. एकाचे अपयश दुसऱ्याच्या माथी मारू नये.

याच्या उलट टोकाचा आक्षेप निराशेचा आहे. अख्खे शहर बंद करून जर पंधरा टक्के मिळत असतील, तर महापालिकेच्या चार उपायांनी काय होणार? डिसेंबर २०२१ पासून लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला जातो. एक दिवस वाहने वळवतात, लोक रस्त्याच्या मधून चालतात. मला तो उपक्रम आवडतो. चालण्याचा हक्क दाखवून देण्यासाठी तो उत्तम आहे, हवेसाठी त्याचा उपयोग नगण्य. पण निराशेचा युक्तिवाद इथे चुकतो: टाळेबंदी हा सर्वात कठोर उपाय होता, म्हणून तो सर्वात परिणामकारक असायला हवा, असे त्यात गृहीत धरले आहे. टाळेबंदी हवेसाठी आखलेलीच नव्हती. विषाणूसाठी जे बंद करायचे ते तिने बंद केले. पाचट जाळायचे थांबले असते, चुलीला पर्याय मिळाला असता, कचऱ्याच्या ढिगांच्या आगी विझल्या असत्या, वीजकेंद्रांत गंधक पकडणारी यंत्रे बसली असती, आणि शहर नेहमीसारखे चालू राहिले असते, तर घट किती झाली असती? तो प्रयोग आपण केलेलाच नाही. तो कोणालाही घरात न कोंडता करता येतो.

तो का केला जात नाही, याचे उत्तर आपण यश कशाने मोजतो त्यात दडले आहे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला आणि मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत पुणे होते. या कार्यक्रमात शहरांची कामगिरी मोजतात ती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीसकट सगळ्या कणांवर. आपल्या वेताळ टेकडीवरच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने केलेल्या अभ्यासात, जो २०१० च्या सहा शहरांच्या राष्ट्रीय अहवालाचा भाग होता, पुण्याच्या पीएम १० मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा सर्वात मोठा निघाला होता. मग ज्यावर गुण मिळतात तेच करावे, हे कोणताही हुशार विद्यार्थी करतो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये या कार्यक्रमाचा देशभरचा हिशेब मांडला: खर्चाच्या ६४ टक्के रक्कम रस्त्यांच्या धुळीवर, वाहनांवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास, पालापाचोळा-कचरा-जळण यांच्या ज्वलनावर साडेचौदा, आणि उद्योगांवर एक टक्काही नाही. झाडणारी यंत्रे, पाण्याचे फवारे, पदपथांचे काँक्रीट. धूळ डोळ्यांना दिसते, फवारा त्याहून जास्त दिसतो, आणि उद्घाटनाला तर तो फारच शोभतो. धूळ घातक नाही असे मी म्हणत नाही. पण जाड धूळ बहुतांशी नाक-घशात अडते. फुप्फुसाच्या तळाशी आणि तिथून रक्तात जातात ते बारीक कण, आणि ते मुख्यतः जळण्यातून येतात. टाळेबंदीत टायर फिरत नव्हते तेव्हा रस्त्यावरची धूळ फारशी उडत नव्हतीच, तरी बारीक कण उरले. त्यावर फवारे मारणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

लोकांना हे जाणवत नाही, त्यालाही एक कारण आहे. चौकातल्या फलकावर जो हवेचा निर्देशांक झळकतो तो सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसतो. ज्याची पातळी सर्वात वाईट त्याचाच आकडा संपूर्ण निर्देशांक ठरतो. पुण्यात हा मान बहुतेक वेळा कणांकडे असतो. त्यामुळे नायट्रोजन डायऑक्साइड निम्म्यावर आला तरी फलक ढिम्म राहू शकतो, आणि वाढला तरी. शिवाय शंभरपर्यंतच्या निर्देशांकाला आपल्याकडे ‘समाधानकारक’ म्हणतात. पीएम २.५ च्या भाषेत ती चोवीस तासांसाठी ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना १५ वर थांबते. दिल्लीची हवा पाहून पुणेकर स्वतःला भाग्यवान समजतो, आणि दिल्लीशी तुलना करून कोणीही भाग्यवान ठरते.

सरासरीने आणखी एक गोष्ट झाकली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात शहराच्या मध्यवस्तीतले भाग बांबू आणि पत्रे ठोकून बंद केले गेले. भवानी पेठेत, कासेवाडीत, ताडीवाला रस्त्यावर एका खोलीत सहा-सात माणसे दिवसरात्र राहिली. तिथेच स्वयंपाक, तिथेच फोडणीचा धूर, खिडकी असली तर बोळात उघडणारी. सफरचे यंत्र शिवाजीनगरला मोकळ्या हवेत होते. बाहेरची हवा सुधारत असताना माणूस मात्र आत होता, आणि हवेच्या कोणत्याही नकाशावर ते ‘आत’ दाखवलेले नाही. माणसाने प्रत्यक्ष श्वासातून काय घेतले, हा प्रश्न त्या काळात जवळजवळ कोणी विचारला नाही. स्वच्छ आकाशाचे कौतुक गच्चीवरून झाले. गच्ची सगळ्यांना नसते.

निसर्ग आपोआप बरा होतो या समजुतीत नद्याही आल्या; त्यांच्याबद्दल एवढेच म्हणतो की मुळा-मुठेचे दुखणे मुख्यतः घरांतून येणारे मैलापाणी आहे, आणि घरे त्या काळात कधी नव्हे इतकी भरलेली होती. ते पाणी शुद्ध व्हायला प्रकल्प लागतात. जपानच्या मदतीने ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारायची, असा ९९० कोटींचा निर्णय २०१६ मध्येच झाला होता. शांतता पाळून नदी स्वच्छ होत नाही.

हवामानबदलाचा हिशेब याच तर्काने चालतो, फक्त त्याची फीत खूप लांब आहे. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचे रोजचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २०१९ च्या सरासरीच्या तुलनेत १७ टक्क्यांनी खाली गेले होते. पुढच्याच महिन्यात हवाईच्या मौना लोआ वेधशाळेने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात ४१७ असे नोंदवले, तोवरचे सर्वाधिक. विरोधाभास काही नाही. टाकीत पडणारी धार थोडी बारीक झाली म्हणून टाकीतले पाणी कमी होत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडचे आयुष्य तासांचे, बारीक कणांचे दिवसांचे, कार्बन डायऑक्साइडचे शतकांचे. जितके आयुष्य मोठे तितका अल्पकाळच्या बंदचा उपयोग कमी, आणि रोजच्या, कंटाळवाण्या, वर्षानुवर्षांच्या कामाची गरज जास्त.

ते कंटाळवाणे काम पुण्यात कोणी करायचे? दोन महापालिका, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळे, २०१५ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), जिल्हा परिषद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, इतक्या हद्दी एका हवेवर आहेत. २०२१ मध्ये तेवीस गावे घेऊन पुणे महापालिका क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठी झाली, तरी दौंडचा फड तिच्या बाहेरच. हद्द वाढवत नेणे हा उपाय नव्हे. एकच हवा वाटून घेणाऱ्या प्रदेशाचा एकच आराखडा हवा, आणि त्यात अशी खाती हवीत ज्यांचे हवेशी नाते आहे हे त्यांना स्वतःलाही वाटत नसेल. राज्याचे साखर आयुक्तालय शिवाजीनगरला आहे. दर हंगामात कारखान्याला गाळप परवाना तिथून मिळतो. ज्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात पाचट जळते त्याने पुढच्या हंगामात कुट्टी यंत्रांचा पुरवठा वाढवावा, त्याचे भाडे ऊसबिलातून कापण्याऐवजी स्वतः सोसावे, अशी अट त्या परवान्याला जोडता येईल. ‘याने साखर महाग होईल’, असे म्हणतील. थोडी होईल, आज ती किंमत दम्याच्या औषधांत भरली जाते आणि ऊस न पिकवणारेही ती भरतात. जळते फड उपग्रहाला दिसतात, तेव्हा कोणाच्या क्षेत्रात किती, हे शोधायला पंचनाम्याची गरज नाही.

दुसरे काम महापालिकेचे. दरवर्षी ती पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते. त्यात पीएम १० आणि पीएम २.५ किती, हे असते. त्यात ठिपक्याचे रासायनिक पृथक्करण यावे: वर्षभरात, ऋतूगणिक, त्या कणांतला किती भाग लाकूड-पाचटाच्या धुराचा, किती डिझेलचा, किती सल्फेटचा, किती मातीचा. पाषाणची संस्था आणि वेताळ टेकडीवरची प्रयोगशाळा या एकाच शहरात असताना हे पंधरा-पंधरा वर्षांनी एकदा करायचे काम राहू नये. सफरचे एक केंद्र मांजरीला आहे आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही मांजरीलाच. सुरुवात तिथल्या फितीपासून, नोव्हेंबरात गाळप सुरू होते त्या आठवड्यात करता येईल.